शिमगा झाला की स्पीकर घुमतो, मृगानंतर गप्प होतो: घरच्या ऑडिओ सेटअपमधली घुरघुर

होळी होऊन आठवडा उलटला की आमच्या वरच्या खोलीतल्या स्पीकरमधून घूंऽऽ सुरू व्हायची. गाणं लावलेलं नसायचं, लॅपटॉप नुसता उघडा असायचा, तरी सुरूच. गाणं लागलं की दबायची आणि गायकाने श्वास घेतला की त्या फटीतून पुन्हा वर यायची. मृगाचे दोन-तीन दणकट पाऊस झाले की कमी व्हायची आणि आषाढी एकादशीपर्यंत संपूर्ण बंद. मग पुढच्या शिमग्यापर्यंत मी ती विसरून जायचो. असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात कारण सापडलं आणि ते सामानात नव्हतंच. लातूर, नांदेड, परभणी, बीड, कुठंही तुमचं काळ्या मातीवरचं घर असेल आणि स्पीकर ऋतू बघून घुमत असेल, तर केबल विकत घेण्याआधी हे वाचा.

सेटअप अगदी साधा आहे. लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला एक डॅक, म्हणजे लॅपटॉपमधल्या डिजिटल गाण्याचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारा डबा, त्याच डॅकमध्ये हेडफोनचा ॲम्प (ॲम्प्लिफायर), आणि डॅकच्या मागून लाल-पांढऱ्या आरसीए केबलने जोडलेले दोन ॲक्टिव्ह स्पीकर, म्हणजे ज्यांच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो ते. हेडफोन ३०० ओहमचा, मागून उघडा. रात्री घरचे झोपले की हेडफोन, सुट्टीच्या दिवशी स्पीकर. माझ्या मते घरात ऐकायला याहून जास्त काही लागत नाही. चार डबे एकावर एक रचून दिवे लुकलुकवण्यापेक्षा एक चांगला डॅक, एक चांगला हेडफोन आणि दोन चांगले स्पीकर घ्यावेत. डबे कमी असले की बिघाड शोधायलाही सोपं जातं. हे मला नंतर कळलं.

पहिल्या वर्षी मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमचे तेवढे पैसे वाचतील. साडेतीन हजारांची जाड आरसीए केबल मागवली. घूं तशीच. डॅक खराब म्हणून परत केला, दुसरा आला. घूं तशीच. एक स्पीकर पिशवीत घालून पुण्याला मित्राकडे नेला. तिथं तो असा गप्प बसला की मित्र माझ्याकडेच संशयाने बघायला लागला. तेवढ्यात जून आला, आवाज गेला, आणि मी समजलो की नव्या डॅकने काम केलं. पुढच्या मार्चमध्ये तो समज उतरला.

आता जे आधी करायला हवं होतं ते.

आधी आवाज नीट ऐका. सगळ्या कटकटी एका जातीच्या नसतात. ‘स्स्स’ असा वाऱ्यासारखा आवाज असेल तर ती ॲम्पची स्वतःची हिस्स. थोडीफार प्रत्येक ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये असते. हातभर अंतरावर ऐकू येत नसेल तर सोडून द्या. ‘झर्रर्र’ असा किरकिरा, माशी अडकल्यासारखा आवाज असेल तर तो बहुतेक वेळा पंख्याच्या रेग्युलेटरचा किंवा एलईडीचा. आणि ‘घूंऽऽ’ असा जाड, एकसुरी, न थांबणारा आवाज असेल तर तो थेट विजेचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूं ५० वर असते आणि तिच्या पटीत १००, १५०, २०० वर.

आमचा एक मित्र भजनात पेटी वाजवतो. तो एकदा खोलीत आला, दोन मिनिटं कान देऊन बसला आणि म्हणाला, “अरे, ही तर पांढरी पाच लागलीय. जराशी चढी आहे.” मी हसलो, पण नंतर मोजलं तर गडी बरोबर होता. खर्जातली पांढरी पाच ९८ हर्ट्झची, आणि घूं १०० ची. त्याला त्यात पंचमही ऐकू येत होता. तो १५० हर्ट्झचा. म्हणजे मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात जिथं स्पीकर घुमतोय तिथं सगळे एकाच पट्टीत घुमतायत. ओळखायची ही सोपी खूण आहे. फोनवर पेटीचं ॲप असेल तर पांढरी पाच दाबून धरा. घूं तिला किंचित चढी लागली तर आपला शोध विजेच्या दिशेने करायचा.

मग बटणं फिरवा. डॅकचा आवाज शून्यावर न्या. घूं कमी झाली तर ती डॅकच्या आधीच आत शिरतेय. अजिबात हलली नाही तर डॅकच्या पुढे कुठंतरी शिरतेय. माझी हलली नाही. आता स्पीकरच्या मागचं गेनचं, म्हणजे आत आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं, बटण कमी करा. घूं कमी झाली, म्हणजे ती स्पीकरच्या ॲम्पच्या आधी येते. डॅकच्या पुढे आणि स्पीकरच्या आधी उरतं काय? फक्त केबल. मीही इथंच फसलो. घूं केबलमध्ये शिरते याचा अर्थ केबल खराब आहे असा होत नाही.

तिसरी चाचणी केबल काढून. आरसीए केबल स्पीकरमधून उपसा आणि स्पीकर नुसता चालू ठेवा. तरीही घुमला तर दोष स्पीकरमध्येच, तो दुकानात न्या. गप्प झाला तर पुढे वाचा. केबल काढता-लावताना स्पीकर बंद करायला विसरू नका, नाहीतर ‘ढप्प’ असा आवाज होऊन ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, जायचा.

हेडफोन हे या शोधातलं सर्वात चांगलं हत्यार आहे. स्पीकरच्या केबल काढलेल्या, हेडफोन डॅकला, गाणं बंद, आवाज वाढवलेला: स्मशानशांतता. आता हेडफोन कानातच ठेवून स्पीकरच्या केबल परत जोडा. माझ्याकडे हेडफोन तरीही शांत, आणि समोरचे स्पीकर घुमायला लागले. म्हणजे लॅपटॉप निर्दोष, यूएसबी निर्दोष, डॅक निर्दोष. हेडफोन भिंतीला कुठंच जोडलेला नसतो. डॅकमधून निघालेली तार कानापर्यंत येते आणि संपते. स्पीकर मात्र तीन पिनांच्या प्लगने भिंतीत जातो. लॅपटॉपही चार्जरमधून भिंतीत जातो. दोन्ही बाजूंनी भिंत, आणि मधे तुमची केबल.

यानंतर चार्जर उपसला. घूं जागच्या जागी तुटली, कात्रीने दोरा कापावा तशी. चार्जर परत लावला, घूं परत. दोन वर्षांत मला हे एकदाही का सुचलं नाही? कारण लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झालेली आणि तो कायम चार्जरला टांगलेला.

इंटरनेटवर इथपर्यंत आलं की लोक म्हणतात, ग्राउंड लूप, म्हणजे दोन डबे केबलनेही जोडलेले आणि अर्थनेही, त्या वेढ्यातून वीज फिरते, विषय संपला. पण माझा विषय संपेना. लूप आहे तर बारा महिने हवी. ती दिवाळीत का नसते? श्रावणात का नसते?

उत्तर आईने दिलं, तिच्याही नकळत. खालच्या खोलीत ती कूलर लावून पडलेली असते. एका दुपारी म्हणाली, “अरे, कूलरला हात लावलं की मुंग्या येतेत हाताला. वायरमनला बोलीव एकदा.” मी खाली जाऊन कूलरचं बटण बंद केलं आणि पंपाजवळची वायर बघत बसलो. वरून मुलगी ओरडली, “बाबा, स्पीकर गप्प झाला!”

खालच्या मजल्यावरचा कूलर आणि वरच्या मजल्यावरचा स्पीकर. मी चार वेळा कूलर चालू-बंद केला, ती वरून चार वेळा ओरडली. मग वायरमन मामांना फोन केला.

आमचं घर लातुरातल्या असंख्य घरांसारखं दोन हप्त्यांत बांधलेलं आहे. खालचं जुनं, त्याच्या अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात, हौदाजवळ. वरचा मजला नंतर चढवला, तेव्हाच्या वायरमनने पुढच्या बाजूला बोअरपाशी नवा खड्डा घेतला आणि वरच्या सगळ्या बोर्डांची अर्थ त्यात सोडली. एक बोर्ड सोडून. इन्व्हर्टर खाली ठेवलेला आहे, आणि त्याची एक लाईन वर माझ्या खोलीत आणलेली. त्या बोर्डाची अर्थ इन्व्हर्टरच्या लाईनीबरोबर खालून, म्हणजे जुन्या खड्ड्यातून येते. लाईट गेली तर काम अडू नये म्हणून लॅपटॉप मी नेमका त्याच बोर्डावर लावत होतो. स्पीकर समोरच्या भिंतीवर, साध्या बोर्डावर.

मामांनी मल्टिमीटर काढला. एक काडी एका बोर्डाच्या वरच्या जाड भोकात, दुसरी लांब वायर जोडून दुसऱ्या बोर्डाच्या तशाच भोकात. दोन्ही अर्थ. मधे शून्य यायला पाहिजे. कूलर बंद असताना अर्धा व्होल्टही नव्हता. कूलर लावला, ११ व्होल्ट. मामा म्हणाले, “सर, ह्या दोन बोर्डांची अर्थ एक न्हाई की.” ही चाचणी स्वतः करू नका, काडी चुकीच्या भोकात गेली तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. पण वायरमनला ती करायला जरूर सांगा. सांगितल्याशिवाय तो फेज, न्यूट्रल बघून निघून जातो.

मग मागच्या अंगणात गेलो. खड्ड्यावरचं सिमेंटचं झाकण मी घर बांधल्यापासून उघडलेलं नव्हतं. आत एक जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाईप, वर गंजलेला क्लॅम्प, नटावर पांढरट भुकटी. आणि पाईपच्या भोवती, माती आणि पाईप यांच्या मधे, करंगळी सहज आत जाईल एवढी गोल भेग. मामांनी त्यात गवताची काडी सोडली, ती वीतभर खाली गेली. “बघा, मातीनं पाईपच सोडलाय.”

काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली काळी माती वीज चांगली वाहून नेते, कारण पाणी आणि क्षार दोन्ही तिच्यात असतात. कोरडी झाली की वाहणं कमी होतं, आणि वरून ती पाईपपासून लांब सरकली तर पाईप हवेत उभा केल्यासारखाच. नियमाप्रमाणे असा पाईप किमान अडीच मीटर खोल हवा, म्हणजे निदान तळाचा भाग ओलाव्यात राहतो. आमच्याकडे तीन-चार फुटांवर मुरूम लागला असणार आणि तिथंच हात झटकले असणार, असं मामांचं मत. मीही ते मान्य केलं.

आता सगळे तुकडे जोडून बघा. कूलरच्या पंपाच्या वायरीचं वरचं आवरण पाण्याने कुजलेलं. तिथून थोडी वीज कूलरच्या पत्र्यात, तिथून अर्थच्या वायरीत गळत होती. हिवाळ्यात कूलर माळ्यावर, गळती नाही. पावसाळ्यात खड्डा ओला, असलेली किरकोळ गळती गपचूप जमिनीत जाते. फक्त मार्च ते जून या दिवसांत दोन्ही गोष्टी एकत्र येतात: कूलर चालू आणि खड्डा कोरडा. मग ती वीज दुसरी वाट शोधते. जुन्या अर्थमधून इन्व्हर्टरच्या बोर्डात, तिथून चार्जरमध्ये, लॅपटॉपमध्ये, यूएसबीमधून डॅकमध्ये, आरसीए केबलच्या जाळीतून (आतल्या तारेभोवतीच्या विणलेल्या तारांतून) स्पीकरमध्ये, आणि स्पीकरच्या तिसऱ्या पिनेतून पुढच्या अंगणातल्या बोअरपाशी, जिथं ओल आहे. कूलरची गळती माझ्या साडेतीन हजारांच्या केबलमधून बोअरकडे चालली होती.

एवढ्याशा गळतीने एवढा आवाज कसा? हिशोब सोपा आहे. समजा केबलच्या जाळीतून २० मिलिअँपिअर वाहतायत आणि जाळीचा रोध ०.१ ओहम आहे. मग तिच्या दोन टोकांत २ मिलिव्होल्टचा फरक पडतो. आरसीए केबलमध्ये ही जाळी नुसतं कवच नसते, गाण्याच्या सिग्नलची परतीची वाटही तीच. म्हणून ते २ मिलिव्होल्ट गाण्यात मिसळतात. डॅकचा पूर्ण सिग्नल सुमारे २ व्होल्टचा, म्हणजे घूं त्याच्या हजारावा भाग, ६० डेसिबल खाली. आजचा बरा डॅक स्वतःचा आवाज ११० डेसिबल किंवा त्याहून खाली ठेवतो, म्हणजे तीन लाखांवा भाग. तीन लाखांच्या शांततेसाठी पैसे मोजायचे आणि हजारावर समाधान मानायचं, असा हा व्यवहार.

खोलीनेही हातभार लावला होता. माझी खोली ११ फूट रुंद, चारही भिंती उघड्या, खाली फरशी. एवढ्या अंतरात जो खर्ज सर्वात जास्त घुमतो तो हिशोबाने ५१-५२ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि भिंतीला लागून बसलं की तो सर्वात मोठा ऐकू येतो. माझी खुर्ची भिंतीला टेकलेली. खुर्ची चार फूट पुढे घेतली तेव्हा घूं निम्म्याने कमी वाटली आणि गाण्यातला खर्जही मोकळा झाला. तुमचा आवाज खोलीत चालताना कमी-जास्त होत असेल तर गोंधळू नका, उगम बदललेला नसतो.

उपाय मी ज्या क्रमाने केले त्यापेक्षा ज्या क्रमाने करायला हवे होते तसे सांगतो.

सगळ्यात आधी कूलर. त्याचा पंप बदलला, वायर बदलली. हा ऑडिओचा भाग नाही, पण आईच्या हाताला मुंग्या येत होत्या. त्याबरोबरच मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज कुठं गळाली की लाईन तोडणारा स्विच, बसवली. ही का हवी ते एका आकड्यात सांगतो. अर्थिंगचा रोध ५० ओहम झालेला असेल आणि कूलरच्या पत्र्याला थेट फेज लागला, तर २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला तरच पडणारा स्विच, तेवढ्याने पडतच नाही. पत्रा जिवंत राहतो आणि घरातल्या कुणालाच कळत नाही. आरसीसीबी पडते.

मग सगळं सामान एकाच बोर्डावर. चांगल्या, तीन पिनांच्या एका एक्स्टेन्शनवर लॅपटॉपचा चार्जर, दोन्ही स्पीकर, सगळं. आता सगळ्यांची अर्थ एकाच जागी भेटते, मधे फरकच उरत नाही, तर केबलमधून वाहणार काय? सहा अँपिअरच्या सॉकेटला हे झेपेल का, असं शेजाऱ्यांनी विचारलं. २३० व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे १३८० वॅट. लॅपटॉप आणि दोन स्पीकर मिळून क्वचित दोनशेच्या वर जातात. इस्त्री आणि गिझर मात्र त्यावर लावू नका. माझी घूं एकट्या या एका बदलाने गेली. खर्च एक्स्टेन्शनचा.

ज्यांना एका बोर्डावर आणणं जमत नाही, म्हणजे टीव्ही एका भिंतीवर आणि स्पीकर दुसऱ्या, त्यांनी मधला विजेचा धागा तोडावा. टीव्ही किंवा डॅकला ऑप्टिकल असेल तर ती केबल वापरा. तिच्यातून उजेड जातो, वीज जातच नाही, लूप होऊच शकत नाही. डॅकला आणि स्पीकरला दोन्हीकडे बॅलन्स्ड जोडणी असेल, तीन पिनांची एक्सएलआर किंवा जाड जॅकची, तर ती वापरा. तिच्यात सिग्नल दोन वेगळ्या तारांतून जातो आणि जाळीवर काही वाहिलं तरी ते सहसा गाण्यात मिसळत नाही. ते नसेल तर आरसीएच्या मधे लावायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो गाणं पुढे सोडतो पण दोन्ही बाजूंच्या तारा थेट जोडत नाही. स्वस्तातला घेतला तर खर्ज पातळ होतो, हे मात्र ध्यानात ठेवा. हेच काम यूएसबीवर करणारे आयसोलेटरही मिळतात, पण स्वस्त असतात ते १२ मेगाबिटच्या जुन्या वेगाचे. काही डॅक त्यावर ओळखूच येत नाहीत, आणि हेडफोन ॲम्प यूएसबीमधूनच वीज घेत असेल तर त्याला ती पुरत नाही. माझ्याकडे एक पडून आहे.

खड्डा मामांनी दोन दिवसांत नवा केला. पाईप खोल गेला, भोवती कोळसा-मीठ न घालता बेंटोनाइटची, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीची, पावडर घातली. मीठ पहिल्या दोन पावसाळ्यांत वाहून जातं आणि जाता जाता पाईप खातं, म्हणून. जुन्या आणि नव्या खड्ड्यांना एकमेकांशी जाड पट्टीने जोडून टाकलं, म्हणजे घराला आता एकच अर्थ आहे. त्यांनी आधी त्यांच्या सवयीप्रमाणे फेज आणि अर्थच्या मधे १०० वॅटचा बल्ब लावून बघितला होता आणि तो जुन्या खड्ड्यावरही बऱ्यापैकी पेटला होता. त्या चाचणीवर विसंबू नका. बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी घेतो. खड्डा ५० ओहमचा असला तरी त्यात जेमतेम वीसेक व्होल्ट पडतात आणि बल्ब डोळ्याला तेवढाच उजेडाचा दिसतो. खड्ड्याचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर भाड्याने आणायला सांगा आणि काटा किंवा आकडा स्वतः बघा.

उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घाला, असं सगळेच सांगतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथं अर्थिंगला पाणी घाला म्हणणं जरा अतीच. आम्ही आरओचं वाया जाणारं पाणी घालतो. ते क्षारांनी भरलेलं असतं, झाडांना चालत नाही, भांड्यांना डाग पाडतं, पण खड्ड्याला उत्तम. कूलर धुताना टाकीच्या तळचं पाणीही तिथंच. मार्च लागला की दोन दिवसाला एक बादली.

आता जे करायचं नाही ते. तुमची घूं ऐकून कुणीतरी नक्की सांगेल की चार्जरची किंवा स्पीकरची वरची जाड पिन कापून टाक, किंवा तीनाचे दोन करणारा ॲडॅप्टर लाव. हा उपाय चालतो. घूं लगेच जाते. म्हणूनच तो एवढा पसरलाय. पण त्या पिनेचं काम आवाजाचं नाहीच. स्पीकरच्या आत फेज सुटून पत्र्याला लागला तर तुम्ही आणि जमीन यांच्यात ती एकच वाट आहे. पिन कापली की ती वाट तुमच्या हातातून जाते, आणि हेडफोन लावलेला असेल तर डोक्यातून. मला हा सल्ला एका दुकानात काउंटरवर मिळाला होता, आणि मी पक्कड हातात घेतलीही होती. तेव्हा कूलरची गळती कुठं गेली असती ते आता मला माहीत आहे.

दोन पिनांच्या चार्जरचा प्रकार वेगळा. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की बारीक थरथर जाणवते, कारण आतल्या कपॅसिटरमधून थोडी वीज पाझरत असते. ती बहुतेक वेळा धोक्याची नसते, पण हेडफोनमध्ये किरकिर म्हणून उतरू शकते. तीन पिनांचा चार्जर घ्या किंवा ऐकताना बॅटरीवर जा.

‘झर्रर्र’ वाल्यांसाठी थोडक्यात. पंखा पूर्ण वेगावर करा. किरकिर गेली तर रेग्युलेटर दोषी. गोल फिरवायचे, कुठंही थांबणारे जे असतात ते विजेची लाट सेकंदाला शंभरदा चिरतात. टप्प्याटप्प्याने ‘खट’ करत फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवा. आरसीए केबल एक्स्टेन्शनच्या वायरीला चिकटून समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. फोन ॲम्पवर ठेवू नका. ‘स्स्स’ जास्त वाटत असेल तर डॅक पूर्ण आवाजावर ठेवून स्पीकरचं गेन कमी करा, उलटं करू नका.

यंदाचा उन्हाळा शांत गेला. एक गोष्ट तेवढी राहिली. आमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा. लाईट गेली की त्यावर पंखेही कण्हतात, मग स्पीकरची काय कथा. साइन वेव्हचा घ्यायचा तर बॅटरीसकट बदलावा लागेल, ते पुढच्या वर्षी. तोवर सोय अशी आहे: लॅपटॉपला नवी बॅटरी टाकली, आणि लाईट गेली की चार्जर उपसून हेडफोन लावतो. गल्लीतला एकही कूलर चालू नसतो, पंखा मीच बंद केलेला, आणि डॅक लॅपटॉपच्या बॅटरीवर, भिंतीशी संबंधच नाही. घाम फुटतो, पण तंबोऱ्याची तार सुटल्यापासून विरेपर्यंत ऐकू येते. परवा अशाच वेळी लाईट आली तेव्हा आई खालून म्हणाली, “आली रे, लाव कूलर.” मी पाच मिनिटं ऐकू न आल्यासारखं केलं.